बोलक्या रेकॉर्ड ऐकायच्या आहेत? सुरुवात अशी करा

रेकॉर्ड म्हटली की आपल्याला गाणेच आठवते. पण ध्वनिमुद्रणाचा जन्म काही गाण्यासाठी झालेला नाही. १८७७ मध्ये थॉमस एडिसनने कथलाच्या वर्खावर पहिल्यांदा जे उमटवले ते एक इंग्रजी बडबडगीत होते, आणि तेही त्याने गायले नाही, नुसते म्हटले. पुढच्याच वर्षी या यंत्राचे काय काय उपयोग होतील याची यादी त्याने छापून प्रसिद्ध केली. त्यात पत्रांचा मजकूर सांगणे पहिले, अंधांसाठी बोलकी पुस्तके दुसरी, वक्तृत्वाचे शिक्षण तिसरे. संगीताचा नंबर चौथा होता.

बाजाराने ती यादी उलटी केली आणि त्याला कारणही होते. लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावतात. आपल्या गवयांनी तेवढ्यात राग उभा करून दाखवला, पण गोष्ट सांगणाऱ्याचे घडाभर तेल नमनालाच जाते. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीने व्हिनाइल या प्लास्टिकची, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी एलपी आणली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. अंधांसाठी काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेने हाच वेग बोलक्या पुस्तकांसाठी १९३४ पासूनच वापरला होता, पण त्या तबकड्या दुकानात विकायला नव्हत्या. एलपी आल्यावर मात्र कवी, नट, वक्ते, विनोदकार असे सगळेच रेकॉर्डवर आले.

ज्यांच्याकडे अजून एकही बोलकी रेकॉर्ड नाही, किंवा गाण्यांच्या ढिगात चुकून आलेली एखादीच आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पुढचे सगळे सल्ले एका गोष्टीवर उभे आहेत: मजकूर वाचनालयात मिळतो, रेकॉर्डसाठी पैसे मोजायचे ते आवाजासाठी. शब्द तेच असतात, पण कवी कोणत्या ओळीवर घाई करतो, कुठे श्वास घेतो, कोणता शब्द आपल्या गावच्या वळणाने उच्चारतो हे पुस्तकात नसते. प्लेअर कोणता घ्यायचा, ओरखडे किती चालतील, ऐकायचे कसे, हे सगळे इथूनच ठरते.

पहिली पायरी: पैसे नंतर, आधी कान

बोलणे ऐकायची सवय आपली मोडलेली आहे. पॉडकास्ट आपण भांडी घासताना, गाडी चालवताना ऐकतो. रेकॉर्ड तशी ऐकता येत नाही, कारण वीस मिनिटांनी उठून बाजू बदलावी लागते. तेव्हा प्लेअर घेण्याआधी एक परीक्षा करा. जुन्या बोलक्या एलपीचे फुकट उपलब्ध असलेले मुद्रण शोधा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि एक बाजू सलग ऐका. कंटाळा आला तर हा छंद तुमचा नाही. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही, उलट पैसे वाचले.

ऐकायला कुठे मिळेल? अमेरिकेत मोझेस ॲश यांनी १९४८ मध्ये ‘फोकवेज’ ही कंपनी काढली. एकदा काढलेली रेकॉर्ड, खप असो वा नसो, यादीतून कधी काढायची नाही असा या गृहस्थांचा बाणा होता. कवींचे वाचन, भाषणे, भाषेचे धडे, रस्त्यावरचे आवाज, इतकेच काय, उत्तर अमेरिकेतल्या बेडकांची ओळख करून देणारी निवेदनासह एलपीही त्यांनी १९५८ मध्ये काढली. १९८७ मध्ये हा साठा स्मिथसोनियन संस्थेकडे गेला आणि त्यांनीही सगळे शीर्षक उपलब्ध ठेवले. प्रत्येक रेकॉर्डसोबतची माहितीपुस्तिका त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येते, आणि त्या पुस्तिका वाचनीय असतात.

आपल्या जवळचे काही हवे असेल तर शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’वर जा. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीसाठी १९१३ ते १९२९ या काळात ग्रामोफोनवर मुद्रित केलेले बोलीभाषांचे नमुने तिथे ऐकता येतात. बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट वेगवेगळ्या भाषांत सांगायला लावायची, म्हणजे तुलना करता येईल, अशी ती पद्धत होती. ज्यांची नावे इतिहासात कुठेच नाहीत अशा माणसांचे, शंभर वर्षांपूर्वीचे, रोजच्या बोलण्याला जवळचे आवाज. खरखर भरपूर आहे. तिच्या आडून बोलणे ओळखायचा सराव इथेच होऊन जातो.

दुसरी पायरी: कोणत्या आवाजापासून सुरुवात

नवखे लोक बहुधा भाषणांपासून सुरुवात करतात, कारण नावे ओळखीची असतात. माझे मत वेगळे आहे. भाषण हे समोरच्या हजारोंसाठी केलेले असते आणि घरातल्या खोलीत ते बरेचदा नुसते मोठे वाटते. सुरुवात करावी कवीच्या स्वतःच्या वाचनापासून किंवा विनोदी कथनापासून. हे दोन्ही प्रकार एका माणसाशी बोलल्यासारखे असतात.

कवितेसाठी ‘केडमन’ हे लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, लक्षात ठेवा. १९५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बार्बरा कोहेन आणि मेरिअन रोनी या नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या दोन मैत्रिणींनी ते सुरू केले. वेल्सचा कवी डिलन थॉमस तेव्हा अमेरिकेत वाचनाचे कार्यक्रम करत होता. त्याला त्यांनी गाठले आणि २२ फेब्रुवारी १९५२ रोजी स्टाइनवे हॉलमध्ये त्याचे मुद्रण केले. कविता एका बाजूपुरत्याच भरल्या. दुसऱ्या बाजूला काय घ्यायचे असे विचारल्यावर, वेल्समधल्या लहानपणीच्या नाताळावर एका मासिकात आलेली आपली गोष्ट थॉमसला आठवली. जागा भरण्यासाठी घेतलेली ती गोष्टच पुढे लोकांनी उचलून धरली, आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते मुद्रण राष्ट्रीय जतनाच्या यादीत घेतले. केडमनच्या एलपी अजूनही मुबलक फिरतात. थॉमसचा आवाज घुमटात बोलल्यासारखा भरदार आहे. सगळ्यांना तो आवडतोच असे नाही, काहींना नाटकी वाटतो. आवाजाबद्दल असे ठाम आवडणे-नावडणे सुरू झाले की समजा, कान तयार होतो आहे.

नाटकाची आवड असेल तर ब्रिटनचे ‘आर्गो’ लेबल. केंब्रिजच्या मार्लो सोसायटीने जॉर्ज रायलंड्स यांच्या दिग्दर्शनाखाली १९५७ ते १९६४ या काळात शेक्सपिअरची सगळी नाटके, एक ओळही न कापता, त्यांच्यासाठी मुद्रित केली. नवख्याने त्यातला मोठा संच पहिल्याच महिन्यात घेऊ नये. तीन-चार एलपींची शोकांतिका कपाटात तशीच पडून राहते.

विनोदासाठी अमेरिकन विनोदकार बॉब न्यूहार्टची १९६० ची पहिली एलपी ऐका. ह्यूस्टनच्या एका क्लबात प्रेक्षकांसमोर मुद्रित झालेली ही रेकॉर्ड त्या वर्षीचे सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी घेऊन गेली, तेही गाण्यांच्या रेकॉर्डना मागे टाकून. न्यूहार्टची हातोटी अशी की तो फोनवर बोलतो आणि पलीकडचे आपल्याला ऐकूच येत नाही. पलीकडच्याचे बोलणे आपण मनात रचतो आणि हसतो. एकपात्री प्रयोगांवर वाढलेल्या मराठी कानाला ही जात लगेच ओळखू येईल.

भाषणांकडे वळालच तर मोटाउन कंपनीने १९७० मध्ये काढलेले ‘ब्लॅक फोरम’ हे लेबल शोधा. नाचगाण्याच्या रेकॉर्डवर श्रीमंत झालेल्या कंपनीने मार्टिन ल्यूथर किंग यांचे व्हिएतनाम युद्धाविरुद्धचे भाषण एलपीवर आणले आणि त्याला ग्रॅमी मिळाले.

आपल्याकडे बोलक्या एलपीचा सर्वांत ओळखीचा प्रकार म्हणजे चित्रपटांचे संवाद. ‘शोले’ १९७५ मध्ये आला. लोक गाण्यांपेक्षा संवाद घोकत बाहेर पडतात हे लक्षात आल्यावर पॉलिडॉरने संवादांची एलपी काढली आणि ती तुफान खपली. व्हिडिओ घरोघरी पोचण्याआधीच्या त्या काळात सिनेमा घरी आणायचा हाच मार्ग होता. या एलपी बाजारात सहज दिसतात, पण लाडक्या असल्याने झिजलेल्याही तितक्याच असतात. मराठी कथाकथनाचा मोठा साठा मात्र कॅसेटवर आहे, पु. ल. देशपांडे यांच्या कथनाच्या कॅसेट पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने घराघरांत पोचवल्या. व्हिनाइलवर निव्वळ मराठी बोलणे शोधायला चिकाटी लागते. मधला रस्ता म्हणून शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने निघालेली ‘शिवकल्याण राजा’ ही एलपी घ्या. गाण्यांसाठी ती सगळ्यांना ठाऊक असते. यावेळी बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या निवेदनासाठी ऐका.

तिसरी पायरी: प्लेअर

इथे एक चांगली बातमी आहे. बोलण्यासाठी मोठे स्पीकर, खोल बास, महागडा ॲम्प्लिफायर यांतले काही लागत नाही. माणसाचा आवाज मधल्या पट्टीत असतो आणि एक बरा जुना स्पीकर तो नीट पोचवतो. जुन्या बोलक्या रेकॉर्ड बहुतेक मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या, असल्याने एकाच स्पीकरवर भागते.

वाईट बातमी अशी की सुई आणि तिची मांडणी यांत मात्र तडजोड चालत नाही. गाण्यात तबला-पेटीच्या आड जे दोष लपतात ते एकट्या आवाजात उघडे पडतात. सगळ्यात आधी बिघडतात ते ‘स’, ‘श’ आणि ‘च’. सुई झिजलेली असेल, वजन कमी असेल किंवा कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली डबी, वाकडे बसले असेल तर हे वर्ण फाटतात, थुंकी उडाल्यासारखे ऐकू येतात. रेकॉर्डच्या शेवटाकडे, म्हणजे लेबलच्या जवळ, हा त्रास वाढतो, कारण तिथे एका फेऱ्यात सुईखालून चरीची कमी लांबी जाते आणि तेवढीच माहिती दाटीने बसलेली असते. म्हणून प्लेअर पाहायला जाताना गाण्याची नव्हे, बोलण्याची रेकॉर्ड सोबत न्या आणि बाजूची शेवटची तीन मिनिटे ऐका. दुकानदार कंटाळेल. कंटाळू द्या.

घ्यायचे काय? सुईचे वजन कमी-जास्त करता येईल आणि कार्ट्रिज बदलता येईल असा साधा टर्नटेबल. सुटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर टाळा. त्यांतल्या बहुतेकांत वजन बदलायची सोय नसते आणि सुई चरीवर गरजेपेक्षा जास्त दाबली जाते. चुंबकीय कार्ट्रिजला साधारण दीड ते तीन ग्रॅम वजन पुरते. नेमका आकडा त्या कार्ट्रिजच्या कागदावर असतो, तो पाळा. टर्नटेबल आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये फोनो प्रीॲम्प, म्हणजे कार्ट्रिजमधून येणारा क्षीण संकेत वाढवणारे उपकरण, हवा. तो नसेल तर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो. काही टर्नटेबलमध्ये तो आतच असतो. तशा वेळी ॲम्प्लिफायरच्या फोनो जॅकमध्ये वायर लावली तर प्रीॲम्प दोनदा लागतो आणि आवाज फाटतो.

ॲम्प्लिफायरवर ‘मोनो’ लिहिलेले बटण असेल तर त्याची किंमत ओळखा. मोनो रेकॉर्डच्या चरीत आवाज फक्त आडव्या हालचालीत कोरलेला असतो. सुई वर-खाली उडते ती धूळ आणि ओरखड्यांमुळे. बटण दाबले की डावे-उजवे एकत्र होऊन ही उभी हालचाल आपसात बरीचशी रद्द होते, खरखर खाली बसते आणि बोलणारा एक पाऊल पुढे येतो. बटण नसेल तर दोन्ही वाहिन्या जोडणारी वायर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून करून घेता येते.

लाखेच्या ७८ च्या तबकड्या हाती आल्या तर त्या एलपीच्या सुईवर लावू नका. त्यांची चर रुंद असते, तिला सुमारे ३ मिल, म्हणजे ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची सुई त्या चरीच्या तळाशी घासत जाते आणि दोघांचेही नुकसान होते. उलट, चावीच्या ग्रामोफोनवर व्हिनाइल लावणे म्हणजे लोखंडी पिनेने ते नांगरणे.

चौथी पायरी: वेग तपासा

गाणे किंचित संथ वाजले तर पट्टी उतरते आणि पुष्कळांना कळतही नाही. बोलणे संथ वाजले की माणूसच बदलतो. वय वाढते, आवाज जडावतो. वेग तपासायला कोणतेही उपकरण नको. लेबलवर कागदाचा बारीक तुकडा खूण म्हणून ठेवा, रेकॉर्ड फिरती ठेवा आणि घड्याळ लावून तीन मिनिटे फेरे मोजा. ३३⅓ च्या वेगाला बरोबर शंभर भरले पाहिजेत.

वेग तपासण्यासाठी रेघांची वर्तुळे छापलेली स्ट्रोब तबकडी वापरणार असाल तर ती ५० हर्ट्झच्या विजेसाठीची आहे ना ते पाहा. आपल्या विजेवर ३३⅓ साठी १८० रेघांचे वर्तुळ स्थिर दिसते. अमेरिकेतून आलेल्या तबकडीवर २१६ रेघांचे वर्तुळ ६० हर्ट्झसाठी असते आणि ते आपल्या दिव्याखाली फसवते.

याच कारणाने आणखी एक सावधगिरी. न्यू जर्सीच्या काकांनी जुना टर्नटेबल पाठवला, त्याला ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला आणि तरी सगळे कवी झोपेत बोलू लागले, अशी तक्रार कानावर येते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. एसी मोटर असलेला ६० हर्ट्झचा प्लेअर आपल्याकडे पाच-षष्ठांश वेगाने, म्हणजे मिनिटाला २८ च्या आसपास फेरे घेत चालतो. त्या मॉडेलची ५० हर्ट्झची पुली मिळाली तर काम होते. डीसी मोटरच्या नव्या टर्नटेबलना ही अडचण नाही.

काही बोलक्या तबकड्या १६⅔ या वेगाच्याही असतात. बोलण्याला गाण्याइतकी स्वरमर्यादा लागत नाही, म्हणून कमी वेगात जास्त वेळ बसवायची ती युक्ती होती. लेबल वाचल्याशिवाय रेकॉर्ड घरी आणू नका.

पाचवी पायरी: खरेदी

मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट, पुण्यात जुना बाजार, आणि मग ओळखीतून कळणारी घरे: कुणाचे आजोबा वारले, कुणी फ्लॅट रिकामा करतो आहे. विक्रेत्यांना गाण्यांच्या रेकॉर्डचे भाव तोंडपाठ असतात. बोलक्या रेकॉर्ड मात्र ‘इंग्लिश’ म्हणून एका गठ्ठ्यात असतात. भाषा शिकवणारे संच, शाळा-वाचनालयांनी काढून टाकलेल्या एलपी, शिक्का मारलेली कव्हरे, हे सगळे त्यातच. शिक्क्याला घाबरू नका. वाचनालयाची कवितेची रेकॉर्ड बहुधा फारशी वाजलेली नसते. संवादांच्या एलपीचे भाव मात्र त्यांनाही ठाऊक असतात, तिथे घासाघीस फार चालत नाही.

नेटवर घ्यायचे तर ‘डिस्कॉग्ज’ या रेकॉर्डच्या संकेतस्थळावर संगीतेतर रेकॉर्डसाठी ‘नॉन-म्युझिक’ असा वेगळा विभाग आहे. त्यात कविता, विनोद, भाषण, रेडिओनाट्य असे उपप्रकार निवडता येतात. परदेशातून मागवताना टपालखर्च रेकॉर्डच्या किमतीपेक्षा जास्त होतो आणि वर सीमाशुल्कही लागू शकते. म्हणून एकाच विक्रेत्याकडून चार-पाच एकदम घ्या.

आता तपासणी. गाण्याच्या रेकॉर्डसाठी विक्रेते ज्याला ‘व्हेरी गुड’ म्हणतात तो दर्जा बोलण्यासाठी पुरेसा नाही. बोलण्यात विराम असतात आणि प्रत्येक विरामात खरखर ऐकू येते. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरून पाहा. पृष्ठभागावरचा धूसरपणा, बोटांचे ठसे धुऊन जातात. नखाला लागणारा, काठाकडून लेबलकडे जाणारा ओरखडा जात नाही. असा एक ओरखडा ३३⅓ च्या वेगाला दर १.८ सेकंदांनी टक् वाजतो. गाण्यात तो तालात मिसळतो, छंदोबद्ध कवितेत मात्र कवीच्या लयीवर दुसरी लय चढते आणि डोके उठते. अशी रेकॉर्ड फुकट मिळाली तरच घ्या.

संच घेताना एलपी मोजा आणि पुस्तिका आहे का पाहा. पहिल्या तबकडीच्या एका बाजूला ‘१’ आणि मागे ‘६’ दिसले तर संच चुकीचा भरला आहे असे समजू नका. जुन्या चेंजर प्लेअरवर तबकड्या एकावर एक रचून ठेवत आणि त्या आपोआप एकामागून एक खाली पडत. तीन बाजू झाल्या की सगळा ढीग उलटा करायचा. म्हणून १-६, २-५, ३-४ अशा जोड्या. आजच्या साध्या प्लेअरवर असा संच ऐकताना दर बाजूला तबकडी बदलावी लागते आणि नाटकाचा रसभंग होतो. त्याला इलाज नाही.

सहावी पायरी: धुणे आणि ठेवणे

नवी आणलेली जुनी रेकॉर्ड आधी धुवायची, मग लावायची. डिस्टिल्ड पाणी, भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापड. चरीच्या दिशेने गोल पुसायचे, लेबल कोरडे ठेवायचे. शेवटचे पाणी पुन्हा डिस्टिल्डच, नळाचे नाही, कारण त्यातले क्षार चरीत वाळतात. हट्टी चिकटपणासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थोडा अंश व्हिनाइलला चालतो, लाखेच्या तबकडीला अजिबात नाही. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते.

कोकणात आणि मुंबईत खरा शत्रू पावसाळा. बुरशी आधी कव्हरला लागते आणि मग चरीत उतरते. जुनी कागदी आतली पिशवी बदलून प्लास्टिकचे अस्तर असलेली घाला, रेकॉर्ड उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि श्रावणात एकदा सगळे बाहेर काढून पंख्याखाली ठेवा. उन्हात नाही! उन्हात उभ्या केलेल्या गाडीतही नाही. व्हिनाइल वाकायला एक दुपार पुरते.

सातवी पायरी: ऐकायचे कसे

एका बैठकीला एकच बाजू. बोलक्या एलपीवर दोन तुकड्यांमधली मोकळी पट्टी बरेचदा नसतेच, त्यामुळे मधूनच सुई टाकून हवी ती कविता शोधणे अवघड असते. पहिल्यापासून ऐका.

इंग्रजी उच्चार अनोळखी असतील तर आधी मजकूर वाचून घ्या, त्यात कमीपणा नाही. मग पुस्तिका मिटून एकदा, आणि काही दिवसांनी उघडून एकदा ऐका. दुसऱ्या वेळी छापील ओळ आणि बोललेली ओळ यांतला फरक पकडा. कवी ओळीच्या शेवटी थांबतो की नाही? काही कवी ओळ मोडल्याची खूणही देत नाहीत, गद्यासारखे वाचत जातात, आणि छापील कवितेबद्दलची आपली समजूतच हलते. पान उलटल्याचा आवाज, प्रेक्षकांतला खोकला, हे मी दोष मानत नाही. मुद्रण कुठे आणि कसे झाले ते यांवरून कळते.

आवाज फार मोठा ठेवू नका. समोरच्या खुर्चीत बसलेला माणूस जेवढ्या आवाजात बोलेल तेवढाच. मोठा केला की खरखर वाढते आणि बोलणाऱ्याचे तोंड खोलीएवढे होते.

आठवी पायरी: ऐकतो ते कधीचे, कुणाचे?

हा भाग जुन्या संग्राहकांनाही चकवतो. चर्चिल यांची १९४० सालची युद्धकाळातली गाजलेली भाषणे रेकॉर्डवर आहेत, पण ब्रिटिश संसदेतली भाषणे तेव्हा ध्वनिमुद्रित होत नव्हती. रेकॉर्डवर ऐकू येते त्यातले बरेचसे त्यांनी १९४९ मध्ये चार्टवेलच्या आपल्या घरी पुन्हा म्हटलेले आहे. आवाज खरा, प्रसंग मात्र तो नव्हे. कव्हरवर हे ठळक लिहिलेले नसते.

गांधीजींची गोष्ट उलटी आहे. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला असताना कोलंबिया कंपनीने त्यांना ध्वनिमुद्रणासाठी गळ घातली. राजकारणावर बोलायला त्यांनी नकार दिला आणि ईश्वरावरचा आपला एक जुना लेख वाचून दाखवला. ७८ च्या तबकडीच्या दोन बाजू, जेमतेम सहा मिनिटे. ज्यांनी त्यांची चित्रपटांतली नक्कलच ऐकली आहे त्यांनी हा संथ, चढउतार नसलेला आवाज ऐकावा.

आणि मोबाइलवर फिरणारे स्वामी विवेकानंदांचे १८९३ चे शिकागोचे ‘मूळ’ भाषण? ते मूळ नाही. त्या भाषणाचे अस्सल ध्वनिमुद्रण अस्तित्वात नाही, कुणी तरी फार नंतर म्हटलेल्या भाषणावर खरखर चढवली की ते जुने वाटते एवढेच.

म्हणून रेकॉर्ड घेताना लेबलवरचा क्रमांक, लेबलजवळच्या मोकळ्या पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स (मूळ साच्याचा) क्रमांक आणि पुस्तिकेतली मुद्रणाची तारीख, या तिन्ही गोष्टी पाहा. प्रकाशनाचे वर्ष आणि मुद्रणाचे वर्ष वेगळे असू शकते. भारतीय तबकड्यांबाबत शंका आली तर मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’चे काम पाहा. सुरेश चांदवणकर यांनी वर्षानुवर्षे चालवलेले त्यांचे ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक, वर सांगितलेल्या शिकागोच्याच ग्रंथालयात वाचायला मिळते. एका संध्याकाळी दोन अंक चाळायचे म्हणून बसाल आणि मध्यरात्र होईल.

शेवटची पायरी: प्रत करून ठेवणे

आवडती रेकॉर्ड रोज लावून झिजवण्यापेक्षा एकदा संगणकावर उतरवून घ्या. प्रीॲम्पमधून साउंड कार्डला वायर आणि ‘ऑडॅसिटी’ हे फुकट सॉफ्टवेअर, एवढे पुरते. मोनो रेकॉर्डही आधी दोन्ही वाहिन्यांत उतरवा, म्हणजे चरीची जी भिंत कमी झिजली असेल तिची वाहिनी नंतर निवडता येते. मोठा टक् आवाज असेल तेवढाच हाताने काढा. खरखर घालवणारे फिल्टर एका दणक्यात सगळीकडे लावले की श्वास जातो, ‘स’ बोथट होतो आणि बोलणारा पाण्याखालून बोलू लागतो. थोडी खरखर राहू द्या.

स्वतःच्या ऐकण्यासाठी केलेली प्रत वेगळी आणि यूट्यूबवर टाकणे वेगळे. भारतात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, आणि वाचलेल्या मजकुराचा हक्क निराळा असतो: लेखकाच्या मृत्यूनंतर आणखी ६० वर्षे. म्हणजे जुन्या एलपीची मुदत संपली तरी तिच्यावरची कविता हक्कात असू शकते. फाइलला नाव देताना लेबल, क्रमांक, बाजू आणि मुद्रणाची तारीख घाला. नुसते ‘कविता १’ असे नाव ठेवलेल्या फाइली दोन वर्षांनी स्वतःलाच ओळखू येत नाहीत.